दिवाळखोरीचा अर्ज केला तर घर, गाडी, पगार... काय काय जातं?

हप्त्यांत_अडकलेला:
धंदा बसला, आता नोकरी करतोय पण तीन क्रेडिट कार्डं, एक पर्सनल लोन आणि वर घराचं लोन, पगार पुरतच नाही आणि वसुलीवाल्यांचे फोन दिवसभर. दिवाळखोरीचा अर्ज करायचं डोक्यात आहे. घर जाईल का? मित्र म्हणतो आधी मेहुण्याचे उसने पैसे देऊन टाक, गाडी बायकोच्या नावावर कर आणि मग अर्ज टाक. बरोबर ना?

पिकलं_पान:
मित्राचं ऐकू नका हो!! मागचे व्यवहार उकरून काढणं हेच ट्रस्टीचं (दिवाळखोराची मालमत्ता सांभाळून देणेकऱ्यांना वाटणारा नेमलेला माणूस) काम असतं, गाडीचा व्यवहार रद्द होईल आणि कर्जमाफी मिळायची तीही अडकेल. मेहुण्याचंही तेच. अमेरिकेत तर अर्जाआधीच्या वर्षभरात नातेवाइकाला फेडलेले पैसे परत मागता येतात, परक्यांसाठी ही मुदत 90 दिवस. म्हणजे तुम्ही प्रेमाने द्याल आणि नोटीस मेहुण्याला जाईल.
बाकी कार्डं आणि पर्सनल लोन विनातारण, ते बहुतेक सुटतं. घरावरचा बोजा मात्र सुटत नाही, हप्ते थकले की बँक घर विकणारच. पोटगी आणि कोर्टाचा दंड पण सहसा माफ होत नाही. कपडे, भांडीकुंडी, पोटापाण्याची अवजारं ठराविक मर्यादेपर्यंत ठेवू देतात.

दारात_बँक:
खात्याचं कुणीच बोललं नाही. जिथलं लोन तिथेच पगार जमा होत असेल तर बँक शिल्लक कर्जात वळती करून घेऊ शकते, दुसऱ्या बँकेत खातं काढा, पण अर्जात ते दाखवा, लपवू नका.
आणि जामीनदार कोण आहे??? मी एकाला जामीन राहिलो होतो, त्याचं देणं माफ झालं आणि बँक माझ्या दारात. सगळे पैसे मी भरले. तो अजून मला बघून रस्ता बदलतो.

बिनधास्त77:
इतकंही घाबरवू नका त्याला. इंग्लंडमध्ये साधारण 12 महिन्यांत माणूस मोकळा होतो, क्रेडिट रेकॉर्डवर डाग 6 वर्षं. अमेरिकेत चॅप्टर 7 चा, म्हणजे मालमत्ता विकून देणी मिटवायच्या दिवाळखोरीचा, डाग 10 वर्षं राहतो, पण घर वाचवायचं असेल तर चॅप्टर 13 आहे, 3 ते 5 वर्षं कोर्टाने मान्य केलेले हप्ते भरायचे, थकबाकी पण त्यातच फेडता येते. शिवाय तिथे अर्ज दाखल झाला की वसुलीचे फोन कायद्यानेच बंद!! नियम देशागणिक बदलतात, तुमच्याकडे अशी हप्त्यांची सोय आहे का ते वकिलाला पहिलं विचारा.

हप्त्यांत_अडकलेला:
बापरे. पर्सनल लोनला वडील जामीन आहेत, त्यांना यातलं अजून काहीच माहीत नाही.

दारात_बँक:
मग अर्ज जरा थांबवा. आधी वडिलांना सांगा, बँकेच्या नोटिशीतून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळू दे, आणि त्या एका लोनची मुदत वाढवून हप्ता कमी होतो का ते बँकेत जाऊन विचारा, झालं तर लेखी घ्या.