"त्याला आधीपासून शुगर होती" म्हटलं की विषय संपतो का?

निरंजना
माझा मामा फ्लूने गेला, आजारपणाच्या नवव्या दिवशी. भेटायला येणारा जो तो विचारायचा, "शुगर होती ना?" हो म्हटलं की मान हलायची आणि बोलणं तिथेच थांबायचं. मला हे सहन होत नाही. पंधरा वर्षं तो मधुमेह घेऊन नीट जगत होता. सहव्याधी, म्हणजे आधीपासून सोबत असलेला आजार, हे कारण म्हणून सांगतात की मनाची समजूत म्हणून? आजाराच्या नावापेक्षा तो किती आटोक्यात आहे हे महत्त्वाचं, असं माझं ठाम मत आहे.

सदाफुली
तुमचं दुःख समजते, तरी पटलं नाही. साखर सतत चढी राहिली की पांढऱ्या पेशी मंदावतात, ते खरंच. पण वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडं झिजतात; एक रिपोर्ट चांगला आला म्हणून ती झीज भरून निघत नाही. शिवाय फ्लूचा मार फुप्फुसापुरता नसतो. 2018 साली कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या 7 दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण एरवीपेक्षा सुमारे 6 पट होतं. "माझं कंट्रोलमध्ये आहे" म्हणत ताप अंगावर काढणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

आडवाटेचा
तुम्ही दोघीही वयाबद्दल बोलतच नाही आहात. कोविडमध्ये मृत्यूचा धोका सगळ्यात जास्त वाढवणारी गोष्ट वय होती. सत्तरीनंतर एखादी तरी व्याधी असतेच, मग खापर तिच्यावर फुटतं. आणि या भीतीनेही नुकसान होतं. 2020 मध्ये बोलबाला झाला की रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी पेशींवरचं एसीई-2 नावाचं प्रथिन वाढतं, म्हणजे विषाणूला शिरायची दारं वाढतात. माझ्या वडिलांनी परस्पर गोळ्या सोडल्या आणि बीपी 200 च्या वर गेलं. पुढे चाचण्यांत दिसलं, की त्या गोळ्या चालू ठेवल्याने तोटा होत नव्हता.

निरंजना
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण 2009 च्या स्वाइन फ्लूत आयसीयूत कितीतरी तरुण होते, आणि लठ्ठपणा हा वेगळा धोका म्हणून तेव्हाच ठळकपणे पुढे आला. तिथे वयाचा हिशेब लागत नाही. आणि वय कमी करता येत नाही, साखर करता येते.

आडवाटेचा
तरुणांबाबत मान्य. वृद्धांबाबत माझं मत तेच आहे.

सदाफुली
निरंजनाताई, "आटोक्यात" हा शब्द तापाच्या आधीच्या दिवसांचा आहे. संसर्ग झाला की शरीर ताणाची संप्रेरकं सोडतं, इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि नेहमीच्याच गोळ्यांवर साखर भराभर वर जाते. कोविडमध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, पण तेच औषध साखर चढवतंही. म्हणून तीन महिन्यांपूर्वीच्या आकड्यावर विसंबू नका. तापात रोज, गरज पडली तर दिवसातून चारदा मोजायला हवी.

निरंजना
हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मामाचा आधीचा रिपोर्ट उत्तम होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पाचव्या दिवशी तो सारखा पाणी मागत होता. तापामुळे असेल असं वाटलं. मशीन घरातच होतं, कपाटात.