गाडी चालवताना येणारी घूंऽऽघूं: तुम्ही ती कशी शोधलीत?

गाडी ताशी ५० च्या पुढे गेली की तळातून एकसुरी घूंऽऽ सुरू होते. मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी न्यूट्रल करून पाहिली. इंजिन चालूच ठेवलं होतं. ते बंद केलं तर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा जोर जातो. इंजिनाचे फेरे उतरले, आवाज तसाच राहिला. म्हणजे इंजिन संशयातून सुटलं, भानगड चाकांकडची. तुमचा अनुभव लिहा. 'बेअरिंग (चाक ज्यावर फिरतं तो भाग) बदलून टाका' एवढंच नको, कशावरून ओळखलंत ते सांगा.

* * *

वळणावर ऐका. माझ्या गाडीत डावीकडे वळताना आवाज वाढायचा, उजवीकडे वळताना जवळजवळ थांबायचा. डावीकडे वळलं की भार उजव्या चाकांवर येतो, म्हणून संशय उजव्या बेअरिंगवर. जॅकवर चाक उचलून एका हाताने फिरवलं आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला, तर खरखर बोटांना जाणवली. कान फसतात, हात सहसा नाही.

* * *

वळणाचा नियम बऱ्याचदा लागू पडतो, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. आमच्याकडे याच तर्काने बेअरिंग बदललं गेलं आणि घूंऽऽ जिथल्या तिथे! शेवटी मीच टायरवरून तळहात फिरवला. एका दिशेने गुळगुळीत, उलट्या दिशेने करवतीच्या दातांसारखा. अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेषा, बिघडली की टायर असा झिजतो. पुढची चाकं मागे टाकली, आवाजही मागे गेला. बेअरिंगचा असता तर जागेवरच राहिला असता. हे फुकटातलं निदान गॅरेजवाले आधी का करत नाहीत, देव जाणे.

* * *

+१. आणि रस्ता बदलला की आवाजाची जातच बदलत असेल, तर आधी टायरच बघा. खडबडीत काँक्रीटवर घोंगावतो आणि नव्या डांबरावर गप्प होतो तो टायर. बेअरिंगला रस्त्याशी फारसं देणंघेणं नसतं.

* * *

माझी मागच्या चाकांवर चालणारी जुनी गाडी. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गुरगुर, पाय काढला की गायब. डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारी गिअरपेटी) निघालं, त्यातलं तेल पार उतरलं होतं.

* * *

उभ्या गाडीतही, रेस केल्यावर, आवाज चढत असेल तर चाकं सोडा. बेल्टची पुली, अल्टरनेटर असलं काहीतरी. न्यूट्रलमध्ये घरघर आणि क्लच दाबला की शांत, असं असेल तर गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग (इंजिनाची ताकद आत आणणाऱ्या दांड्याचं).

* * *

आमची नवी इलेक्ट्रिक गाडी हळू चालताना गुणगुणायची, वेग घेतला की बंद. घरात चिंता! ती गुणगुण पादचाऱ्यांना चाहूल लागावी म्हणून मुद्दाम वाजवली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या १३८ क्रमांकाच्या नियमात ताशी २० किमीपर्यंत हा आवाज अपेक्षित आहे.

* * *

छतावरचा कॅरिअर काढून एक फेरी मारा. हसू नका, आमचा 'बेअरिंगचा' आवाज तोच होता.

* * *

धागाकर्ती: कॅरिअर नाहीच. टायरवर हात फिरवला, दोन्हीकडून सारखाच. डावं पुढचं चाक उचलून वर-खाली हलवलं तर खेळ (ढिलेपणा) जाणवतोय.

* * *

मग तो नुसता आवाज राहिला नाही. बेअरिंगच नव्हे, बॉल जॉइंटही (चाक सस्पेन्शनला जोडणारा सांधा) असू शकतो. तपासून होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा.