मालिका संपली आणि आईचं मन लागूनच नाही राहिलं, काय करावं?

संत्राबर्फी
नमस्कार मंडळी. प्रश्न आईसाठी विचारून राहिले. आई ६८ वर्षांची, नागपुरात धरमपेठेत असते, बाबा सोबत आहेत. रात्री साडेआठची एक मालिका ती साडेतीन वर्षं सोमवार ते शनिवार न चुकता पाहायची. ती संपली. आता साडेआठ वाजले की टीव्ही लावते, दोन मिनिटांत बंद करते, घाईघाईत जेवते आणि आत जाऊन पडते. बाबा म्हणतात, त्याच वेळेला नवीन सुरू झाली ना, ती बघ. तिला ती नकोच आहे.

नेमकं विचारायचं ते असं. हे होतं काहून? लगेच दुसरी मालिका लावून द्यावी की थांबावं? जुने भाग मोबाइलवर दाखवले तर बरं वाटेल की आणखी बिघडेल? आणि किती दिवस वाट पाहायची? लहान भावाचंही वेबसिरीज संपली की तोंड उतरतं, पण त्याचं प्रकरण वेगळं असावं.

बर्डीचा_भाऊ
दुसरी लावून द्या बाप्पा. मालिका त्या मालिकाच, सासू तेवढी बदलते. आठ दिवसांत विसरतील.

मनाचा_डबा
भाऊ, विसरणारेही असतात, पण इथे जेवणाची आणि झोपेची वेळ हलली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रोज ठरल्या वेळी एखादा चेहरा दिसला, त्याचं घर, त्याची भांडणं, त्याचं आजारपण कळत गेलं की आपण त्याला ओळखीच्या माणसांत धरतो. तो खोटा आहे हे पक्कं ठाऊक असतं, तरीही. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी या एकतर्फी ओळखीवर १९५६ मध्येच लिहून ठेवलं आहे, तेव्हा अमेरिकेत टीव्ही नुकता घरोघरी शिरत होता. पुढे २००४ मध्ये 'फ्रेंड्स' ही मालिका संपली तेव्हा केरेन एयाल आणि जोनाथन कोहेन यांनी प्रेक्षकांना त्याबद्दल विचारलं, तो अभ्यास २००६ मध्ये छापून आला. त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. आवडत्या पात्राशी ओळख जितकी घट्ट, तितकं वाईट जास्त वाटतं. आणि माणूस आधीच एकटा पडलेला असेल तर ते आणखी लागतं. म्हणून "अगं, ते नाटक आहे" हे वाक्य घरात कोणीच म्हणू नका. ते त्यांना तुमच्याआधी माहीत आहे. असं म्हटलं की त्या त्याबद्दल बोलणं बंद करतात, एवढाच त्याचा उपयोग.

आता आईंचं नेमकं काय गेलं ते शोधा, उपाय त्यावर ठरतो. वेळ गेली असेल तर बेचैनी फक्त साडेआठच्या आसपास असते, बाकी दिवस ठीक जातो. माणसं गेली असतील तर दिवसभरात कधीही पात्रांची नावं निघतात, 'आता तिच्या पोराचं काय झालं असेल' असं. शेवट फसला असेल तर दुःखापेक्षा चिडचिड जास्त दिसते. ओळखायचं कसं? "शेवटचा भाग कसा वाटला?" एवढंच विचारा आणि पाच मिनिटं मधे बोलू नका. पहिल्या चार वाक्यांत उत्तर मिळतं.

तुम्ही लिहिलंय त्यावरून वेळेचा भाग मोठा दिसतो. त्यासाठी पहिलं काम म्हणजे जेवण पूर्वीच्याच वेळेला. मालिका संपल्यावर जेवत असतील तर आताही नऊ-सव्वानऊलाच वाढा. लवकर जेवून नऊच्या आधीच आडवं झालं की या वयात पहाटे तीनला डोळे उघडतात. मग अंधारात पडून राहणं, सकाळी थकवा, दुपारी दोन तास झोप, रात्री पुन्हा झोप नाही. चार दिवसांत हे चक्र लागतं, आणि त्या मरगळीलाही घरचे मालिकेचंच दुःख समजून बसतात.

दुसरं काम, तो अर्धा तास रिकामा ठेवायचा नाही आणि टीव्हीनेही भरायचा नाही. त्यात हाताला काम हवं आणि समोर माणूस हवा. मेथी निवडणं, उद्याचे शेंगदाणे सोलणं, बाबांसोबत पत्ते. ती मालिका पाहणारी एखादी मावशी किंवा शेजारीण असेल तर रोज साडेआठला तिला फोन. मालिकेबद्दलच बोलतील, बोलू द्या, दोन आठवड्यांत विषय आपोआप सुना-नातवंडांवर येतो. उन्हाळा असेल तर फिरायला हीच वेळ बरी, मे महिन्यात आपल्याकडे साडेसातपर्यंत रस्ता तापलेलाच असतो.

टीआरपी_मास्तर
वरचं बरोबर आहे. मराठी दैनंदिन मालिकेचं दुखणं वेबसिरीजपेक्षा वेगळं का, ते मी सांगतो.

हिशोब पाहा. आठवड्याला सहा भाग म्हणजे वर्षाला ३१२. साडेतीन वर्षांत हजाराच्या वर भेटी. 'चार दिवस सासूचे'चे तर तीन हजारांवर भाग झाले. ट्राय म्हणजे दूरसंचार आणि वाहिन्यांवरची सरकारी नियामक संस्था, तिच्या नियमाने तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती, त्यामुळे अर्ध्या तासाच्या भागात गोष्ट जेमतेम २२-२४ मिनिटांची उरते. मधल्या जाहिरातीत आई उठून कुकर लावते, बाबांना काहीतरी सांगते, परत येऊन बसते. म्हणजे मालिका घरातल्या कामांच्या मधोमध शिवलेली असते. थेटरातल्या सिनेमासारखी ती बाजूला काढता येत नाही.

त्याहून मोठी गोष्ट, मालिकेचं पंचांग आपल्याच पंचांगावर चालतं. गुढीपाडव्याला तिथे गुढी, वटपौर्णिमेला वड, गणपतीत गणपती, दिवाळीला पहिलं अभ्यंग. आपल्याकडे महालक्ष्म्या बसल्या की तिकडे त्यांच्या गौरी, आणि तो सोहळा आठवडाभर ताणलेला. त्यामुळे मालिका संपल्यानंतरचा पहिला मोठा सण टोचतो. महिनाभर सगळं ठीक असलं तरी त्या दिवशी आई गप्प दिसली तर घाबरू नका, त्या संध्याकाळी घरात माणसं असतील एवढं बघा.

शेवट फसण्याचं कारणही सांगतो. दैनंदिन मालिकेला ठरलेला शेवटचा भाग नसतोच. प्रेक्षकसंख्येचे आकडे खाली आले की वाहिनी गाशा गुंडाळायला सांगते, आणि लेखकाच्या हातात दोन-तीन आठवडे उरतात. मग तीन वर्षांचं कारस्थान तीन भागांत उघड, खलनायिकेला एका रात्रीत उपरती, एक बारसं नाहीतर लग्न, सगळे एका चौकटीत उभे राहून हात जोडतात. प्रेक्षकाला निरोपाची सवयच होत नाही. याउलट 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' २०१२ मध्ये काही महिन्यांतच संपली, तिची आठवण लोक अजून गोड काढतात. लांबण न लावता संपलेल्या मालिकेची हुरहुर असते, राग नसतो.

भाऊ, 'दुसरी लावून द्या' काहून चालत नाही, तेही घ्या. वाहिनी बहुतेक वेळा लगेचच्या सोमवारी त्याच वेळेला नवी मालिका टाकते, आणि पहिल्या दोन आठवड्यांत नव्या मालिकेत नुसती ओळखपरेड असते. कोण कोणाची जाऊ, कोणाचा कोणावर डोळा. एकीकडे हजार भागांची ओळख, दुसरीकडे हे परके. तुलनेत नवी हरणारच. तीन आठवडे जाऊ द्या, मग लावा, आणि शक्यतो त्याच साच्यातली नको. सासर-माहेर पाहत असतील तर आता विनोदी कार्यक्रम, गाण्याची स्पर्धा, पाककृती असं काहीतरी, जिथे रोज पाहिलंच पाहिजे असं बंधन नाही.

नागपूरकरांसाठी आणखी एक कंगोरा. 'माझ्या नवऱ्याची बायको' २०१६ ते २०२१ चालली, तिच्यातली राधिका नागपूरची, बोलायचीही आपल्यासारखी. पुण्या-मुंबईच्या बोलीत न्हालेल्या पडद्यावर आपली बोली ऐकू येणं हेच मुळात दुर्मिळ. अशी मालिका संपली की पात्रासोबत कानाची सवयही जाते. आईंची मालिका तशी असेल तर इथे येणारी नाटकं दाखवा. वसंतराव देशपांडे सभागृह, रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह, दोन्हीकडे प्रयोग होतात. राज्य नाट्य स्पर्धेत आपल्याच पोट्ट्यांची नाटकं असतात आणि तिकीट खिशाला जड होत नाही.

रात्रपाळी
लहान भावाबद्दल. तिथे निम्मं दुःख झोपेचं असतं.

५० मिनिटांचे ८ भाग म्हणजे ६ तास ४० मिनिटं. पोट्टे हे दोन रात्रींत उडवतात, शेवटचा भाग पहाटे दोनला संपतो, डोकं तापलेलं, झोप तासभर येत नाही. दुसऱ्या दिवशी जे सुन्न वाटतं त्याला ते मालिकेचं दुःख म्हणतात. मेलबर्न विद्यापीठातल्या लोकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग छापला होता. एकच मालिका काहींना सलग, काहींना रोज एक भाग, काहींना आठवड्याला एक भाग दाखवली. सलग पाहणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त आठवलं, पण पुढच्या महिन्यांत तेच सगळ्यात वेगाने विसरले, आणि मजाही त्यांनाच कमी आली.

करायचं काय? नेटफ्लिक्सवर ब्राउझरमधून खातं उघडून आपल्या प्रोफाइलच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची खूण काढून टाकायची. मग थांबण्याची जागा बदलायची. भागाच्या शेवटी थांबू नका, तिथे मुद्दाम गळ टाकलेला असतो. पुढच्या भागाची पहिली सात-आठ मिनिटं पाहा, तोवर पेच बहुधा सुटतो, आणि तिथे बंद करा. झोप लागते. शेवटचे दोन भाग रात्री पाहायचेच नाहीत, रविवारी दुपारी ठेवा, म्हणजे संपल्यावर संध्याकाळ हाताशी असते, मित्र असतात, तर्री-पोहे असतात.

आणि संपल्यावर कलाकारांच्या मुलाखती, रील्स, 'पडद्यामागे' हे सगळं आठवडाभर बंद. दोन रील पाहिल्या की अ‍ॅप वीस पाठवतं. प्रत्येकावर 'नॉट इंटरेस्टेड' दाबत गेलं की दोन-तीन दिवसांत पूर ओसरतो.

संत्राबर्फी
सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुम्ही सांगितलं तसं विचारलं. पहिलंच वाक्य आलं, "एवढी वर्षं पाह्यली अन् शेवटी गुंडाळून टाकलं." म्हणजे वेळेसोबत शेवटही आहे. त्याचं काय करू? आणि जुन्या भागांचं राहिलंच.

मनाचा_डबा
शेवटावर उपाय आहे, ऐकायला पोरकट वाटतो पण चालतो. त्यांना विचारा, तुझ्या हातात असतं तर कसं संपवलं असतंस? तीन पात्रं निवडायला सांगा, जास्त नाही, आणि प्रत्येकाचं पुढे काय झालं ते सांगू द्या. लिहायचा कंटाळा असेल तर मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करा. अर्धवट राहिलेली गोष्ट डोक्यात घुटमळत राहते, तिला कसाही का होईना शेवट मिळाला की घुटमळणं कमी होतं. खलनायिकेला काय शिक्षा हवी होती हे जरूर विचारा, तिथे आई खुलतील.

जुने भाग दाखवा, पण पहिल्या भागापासून नाही आणि साडेआठला तर नाहीच. पहिल्यापासून सुरू केलं की पुन्हा हजार भागांचा उतार, आणि खाली तोच फसलेला शेवट. त्यांनाच विचारून दहा-पंधरा आवडते प्रसंग काढा, लग्न, डोहाळजेवण, ते गाजलेलं भांडण. वाहिनीच्या अ‍ॅपवर भाग तारखेने शोधता आला तर सण आठवला तरी सापडतो. दुपारी एक भाग, आठवड्यात दोन-तीनदा, मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर, आणि शक्यतो सोबत बसून. जुने भाग दुःख उतरल्यावर जास्त चांगले लागतात, म्हणून पहिले दोन आठवडे त्यांनी मागितले तरच.

किती वाट पाहायची? साधारणपणे एक ते दोन आठवड्यांत धार जाते. दोन आठवड्यांनंतरही जवळजवळ रोज दिवसभर उदास, आवडती कामं सुटलेली, भूक-झोप बिघडलेली, 'माझा काय उपयोग' अशी भाषा, असं असेल तर मालिका हे निमित्त आहे, मूळ दुसरीकडे आहे. आधी नेहमीच्या डॉक्टरांना दाखवून थायरॉइड आणि बी-१२ तपासा, या वयात त्यानेही मरगळ येते. ऐकू कमी येतं का तेही पाहा, टीव्हीचा आवाज वाढत गेला असेल तर लक्षात येईल. ऐकू येत नाही म्हणून गप्पा सुटतात आणि माणूस पडद्याकडे वळतो. मनासाठी १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. समोरासमोर दाखवायचं तर मेडिकल आणि मेयो ही आपली सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. मरणाची भाषा एकदा जरी निघाली तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

टीआरपी_मास्तर
एक राहिलं. सेट-टॉप बॉक्सवर त्या वेळेचं रिमाइंडर लावलेलं असेल तर काढून टाका. काही बॉक्स साडेआठला आपोआप त्याच वाहिनीवर उडी मारतात, आणि बातम्या पाहता पाहता अचानक नव्या सुनेचं शीर्षकगीत सुरू होतं.

बर्डीचा_भाऊ
हाव, आमच्या घरच्या डब्बीवरही ते आहेच. कसं काढायचं ते सांगा ना जी.

टीआरपी_मास्तर
मेनूमध्ये 'माय रिमाइंडर्स' किंवा तशाच नावाची यादी असते. तिच्यात मालिकेचं नाव निवडून डिलीट. संपूर्ण मालिकेसाठी लावलेलं असेल तर एक भाग काढून भागत नाही, 'सिरीज' निवडून काढा.