टेनिस एल्बो: तीन आठवडे विश्रांती, आणि परत तिथेच

स्मॅश_४२
वय ४२, उजव्या हाताने खेळतो. आठवड्यातून चार दिवस बॅडमिंटन, दोन दिवस जिम. अडीच महिन्यांपासून उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूचं हाड आणि त्याच्या खालची बोटभर जागा दुखते. भरलेला कुकर उचलला, टॉवेल पिळला, स्कूटरचा अ‍ॅक्सिलरेटर धरून ठेवला की कळ येते. हात नुसता ठेवला तर काही नाही. मुंग्या नाहीत, सूज नाही, कोपर पूर्ण सरळ होतं, एक्स-रे स्वच्छ. तीन आठवडे सगळं बंद ठेवलं तेव्हा दुखणं जवळपास गेलं होतं. मग दोन गेम खेळलो आणि दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं. आता स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलंय. घ्यावं का? नाहीतर व्यायाम नेमके कोणते, किती वजनाने, आणि तोवर खेळ सोडायचा का? ‘स्ट्रेचिंग करा’ याच्या पुढचं कोणी सांगितलं तर बरं.

कूर्पर
आधी दुखणं तेच आहे ना, याची खात्री करून घ्या. कोपर सरळ, तळवा जमिनीकडे, मूठ वळून मनगट वर उचला आणि दुसऱ्या कोणाला मुठीवरून खाली दाबायला सांगा. मग मूठ सोडून फक्त मधलं बोट वर उचला, त्यावर तसाच दाब. दोन्ही वेळा त्या हाडाच्या टोकाशीच कळ आली तर टेनिस एल्बो धरून चालायला हरकत नाही. दुखणारी जागा हाडापासून तीन-चार बोटं खाली, मांसल भागात असेल आणि रात्रीही ठणकत असेल तर रेडियल नस दबत असण्याची शक्यता बघावी लागते. मान वळवल्यावर कळ हातात उतरत असेल, अंगठा-तर्जनी बधिर होत असेल तर मूळ मानेत शोधायचं. करंगळी-अनामिकेला मुंग्या ही अल्नर नसेची खूण. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही.

आता विश्रांतीने का फसलं ते. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंपैकी एक्स्टेन्सर कार्पी रेडियालिस ब्रेव्हिस नावाचा स्नायू त्या हाडाला चिकटतो, आणि बिघाड बहुतेक वेळा त्याच्याच टेंडनमध्ये, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत असतो. गंमत अशी की मूठ आवळतात पुढचे स्नायू, पण तेव्हा मनगट आत दुमडू नये म्हणून ओढ लागते ती या मागच्या स्नायूला. म्हणून कुकर, टॉवेल आणि रॅकेट तिन्हींची तक्रार एकच.

टेनिस एल्बोला वैद्यकीय भाषेत ‘एपिकॉन्डिलायटिस’ म्हणतात, त्यातला ‘आयटिस’ म्हणजे दाह, आणि तो शब्द फसवा आहे. जुन्या दुखण्यात टेंडनमध्ये दाह करणाऱ्या पेशी फारशा सापडतच नाहीत. सापडतात ते विस्कटलेले कोलॅजनचे धागे आणि नव्याने फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या. अशा टेंडनला आराम दिला की दुखणं उतरतं, पण भार सोसायची ताकदही उतरते. तीन आठवड्यांनी तुम्ही आधीपेक्षा कमकुवत टेंडन घेऊन आधीइतकाच खेळ खेळलात. ताकद वाढते ती भारानेच, फक्त तो मोजून द्यावा लागतो.

मनगट_फिजिओ
वरच्या प्रतिसादाला धरून पुढे. व्यायामाआधी एक माप घेऊन ठेवा, नाहीतर सहा आठवड्यांनी फरक पडला की नाही हे नुसत्या आठवणीवर राहतं. घरात घड्याळवालं बीपीचं यंत्र असेल तर कफची गुंडाळी करून २० पर्यंत हवा भरा, ती मुठीत धरून, कोपर सरळ ठेवून हळूहळू दाबत जा आणि दुखायला सुरुवात होईल त्या क्षणी थांबा. तो आकडा लिहा. मिनिटभराच्या अंतराने तीन वेळा घेऊन सरासरी काढा, डाव्या हाताचीही काढा. जोर किती लागतो हे इथे बघायचं नाही, न दुखता किती लागतो ते बघायचं.

पहिले एक-दोन आठवडे स्थिर ताण. पुढचा हात टेबलावर, पंजा काठाबाहेर, तळवा खाली, कोपर काटकोनात. साधारण एक किलो वजन धरून मनगट सरळ रेषेत ४५ सेकंद रोखून ठेवा. असं पाच वेळा, मध्ये दीड-दोन मिनिटं विसावा, दिवसातून एकदा किंवा दोनदा. वजन धरण्यानेच कळ येत असेल तर कापडी पिशवीत पाण्याच्या बाटल्या ठेवून पिशवीचा बंद हाताच्या पाठीवर, बोटांच्या मुळाशी अडकवा, म्हणजे मूठ वळावी लागत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे पाव-पाव किलोने कमी-जास्त करणं सोपं जातं.

नंतर हालचालीसह. त्याच स्थितीत तीन सेकंदांत मनगट वर, चार सेकंदांत खाली. १५ च्या तीन फेऱ्या, एक दिवसाआड. तिन्ही फेऱ्या स्वच्छ झाल्या की पाव ते अर्धा किलो वाढवा. वजन वाढेल तसे आकडे १५ वरून १० आणि ८ वर आणा. दोन-तीन आठवड्यांनी हेच कोपर हळूहळू सरळ करत न्या, कारण खेळात हात सरळच असतो. सगळा व्यायाम कोपर वाकवून करणाऱ्यांचं दुखणं कोर्टवर परत येतं, ते यामुळेच.

रबरी पिळाची कांडी मिळाली तर उत्तम. लाल रंगाची हलकी असते, तिच्यापासून सुरुवात, मग हिरवी. दुखऱ्या हाताने कांडी उभी धरा, मनगट मागे वाकवलेलं. दुसऱ्या हाताने वरचं टोक धरून पीळ द्या, दोन्ही कोपरं समोर सरळ करा, आणि मग दुखऱ्या हाताचं मनगट सावकाश पुढे सोडत पीळ उलगडू द्या. १५ च्या तीन फेऱ्या, रोज. चूक होते ती दोन ठिकाणी: पीळ दुखऱ्या हातानेच दिला जातो, किंवा उलगडताना झटकन सुटतो. सगळा फायदा त्या संथ सोडण्यात आहे. ज्या दिवशी कांडी कराल, त्या दिवशी वजनाच्या फेऱ्या कमी ठेवा.

दुखण्याची मर्यादा: दहापैकी तीन-चारपर्यंत चालेल, आणि दुसऱ्या सकाळी ते पूर्वीच्याच पातळीवर यायला हवं. आलं नाही तर वजन एक पायरी खाली, बंद नाही. सहा आठवड्यांच्या आत मोठा फरक दिसला नाही म्हणून घाबरू नका, बारा आठवडे धरून चाला. आणि दुखऱ्या बिंदूवर अंगठ्याने रगडून घ्यायची मालीश कृपा करून थांबवा. आधीच चिडलेल्या जागेला आणखी डिवचून काय मिळणार?

जाळीपलीकडे
कोर्ट आणि जिमची बाजू सांगतो.

रॅकेटच्या जाळीचा ताण २६-२७ पौंड असेल तर २२-२३ वर आणा. घट्ट जाळीत शटल मधोमध बसलं नाही की धक्का थेट हातात येतो, आणि हौशी खेळात निम्मे फटके मधोमध बसतच नाहीत. हँडल फार बारीक असेल तर ते घट्ट आवळावं लागतं, म्हणून एक ओव्हरग्रिप (हँडलवर गुंडाळायची पट्टी) वाढवून बघा. हँडलच्या मापांत जी५ ही जी४ पेक्षा बारीक असते, आकडा मोठा म्हणून जाड समजू नका. मूठ सबंध रॅलीभर आवळून धरायची सवय सगळ्यात वाईट. रॅकेट हातात पक्षी धरावा तशी सैल धरायची आणि फक्त फटक्याच्या क्षणी घट्ट करायची. बॅकहँडला उशीर झाला की लोक मनगटाच्या झटक्याने भरपाई करतात. पाय लवकर पोचले तर निम्मं काम तिथेच होतं.

जिममध्ये रिव्हर्स कर्ल आणि तळवा पुढे ठेवून मारलेले पुलअप सध्या बंद. सरळ बारऐवजी तळवे समोरासमोर येतील अशी पकड घ्या. डेडलिफ्ट आणि रोइंगला मनगटाला बांधून बारभोवती गुंडाळायचे पट्टे वापरा, पाठीचा व्यायाम कोपरामुळे बुडायला नको. डंबेल रॅकवरून तळवा खाली ठेवून उचलू नका. नेमकी तीच हालचाल दिवसातून वीसदा होते आणि मोजली जात नाही.

कोपराचा पट्टा हाडावर नको, हाडाच्या दोन बोटं खाली, स्नायूच्या फुगीर भागावर. खेळताना किंवा जड कामापुरता बांधा, झोपताना काढा. बोटं बधिर झाली तर फार आवळलाय.

मात्रा_आणि_मोजमाप
इंजेक्शनचं उत्तर आकड्यांत आहे. २००२ मध्ये नेदरलँड्सच्या १८५ रुग्णांच्या चाचणीत सहा आठवड्यांनी इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९२ टक्के बरे होते, फिजिओथेरपीचे ४७ आणि नुसती वाट पाहणारे ३२. वर्षाने चित्र उलटलं: इंजेक्शन ६९, फिजिओ ९१, वाट पाहणारे ८३. २०१३ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत तर स्टिरॉइड गटात ५४ टक्क्यांचं दुखणं परत आलं, खोट्या इंजेक्शनच्या गटात १२ टक्क्यांचं. कारण समजण्यासारखं आहे: दुखणं थांबतं, माणूस सुटतो आणि टेंडन अजून तयार नसतो. शिवाय कोपरावर त्वचेखाली चरबी थोडी, त्यामुळे तिथे पांढरा डाग किंवा खळगा पडू शकतो, आपल्या वर्णावर तो उठून दिसतो. मधुमेह असेल तर काही दिवस साखर चढते. दुखण्याने हातातलं रोजचं कामच अडलंय असा अपवाद सोडला तर तुमच्या टप्प्यावर मी नकोच म्हणेन.

पीआरपीचा (स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग वेगळा करून टोचणं) खर्च मोठा. सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात त्याचा दखल घेण्याजोगा फायदा दिसला नाही. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं जेल काही आठवड्यांपुरतं वापरायला हरकत नाही. गोळ्या मात्र बीपी, किडनी किंवा अल्सर असेल तर विचारल्याशिवाय नको. हल्ली सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा कोर्स झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, ही औषधं टेंडनला बाधतात.

शस्त्रक्रियेचा विषय सहा ते बारा महिने नीट व्यायाम करूनही फरक नसेल तेव्हाचा. सचिन तेंडुलकरची २००५ मध्ये लंडनला झाली आणि आपल्याकडे हे दुखणं घरोघर माहीत झालं. पण त्याच्या बॅटचं वजन आणि आपलं रविवारचं कोर्ट यांची तुलना करून निर्णय घेऊ नका.

स्मॅश_४२
आभार. कफवर उजवा ८०, डावा २१०. आठवड्यातून दोन दिवस हलकं खेळलं तर चालेल?

मनगट_फिजिओ
चालेल, फक्त लागोपाठ नको. आधी वीस मिनिटं, ड्रॉप (जाळीजवळ हलकं टाकलेलं शटल) आणि क्लिअर (उंच, मागे मारलेलं) एवढंच. स्मॅश आणि बॅकहँड क्लिअर उजवा आकडा डाव्याच्या तीन चतुर्थांशावर येईपर्यंत बाजूला, म्हणजे तुमच्या बाबतीत साधारण १६० ला. खेळायच्या दिवशी वजनाचा व्यायाम खेळानंतर ठेवू नका, सकाळी उरकून टाका.