चोक सोडला की गाडी मान टाकते. किट टाकू का?

किकखाऊ: सिंगल सिलिंडर, फोर स्ट्रोक, स्लाइडवाला मिकुनी (जपानी कंपनी) कार्ब, म्हणजे कार्ब्युरेटर. दोन वर्षं झाकून उभी होती. चोक ओढून दुसऱ्या किकला सुरू होते, चोक सोडला की बंद. रेस धरून ठेवली तर मस्त पळते. बजेट एका रिपेअर किटपुरतंच आहे, कृपया नवा कार्ब सुचवू नका.

धूरकांडी: नवा कार्ब टाक. मी टाकला, तेव्हापासून पाना हातात घेतलेला नाही.

पाना_बारा: वरच्यांनी प्रश्न वाचलेला दिसत नाही. चोकवरच चालते म्हणजे आयडलला (रेस न देता) पेट्रोल कमी पडतंय, पायलट जेट (आयडलचं पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) चोंदलाय. थ्रॉटल साधारण पाव उघडेपर्यंत त्याचं राज्य, मधे नीडल (स्लाइडची सुई), पाऊणच्या पुढे मेन जेट (मोठा जेट). म्हणून रेस धरली की गाडी शहाण्यासारखी वागते. किट आणण्याआधी तो जेट काढून उजेडाकडे धर. आरपार दिसत नसेल तर चोर सापडला.

अर्धा_चोक: पायलट जेटच असणार. बारीक तार घाला, मोकळा होतो.

पाना_बारा: स्टीलची तार अजिबात नको! जेट पितळेचा, मऊ असतो. भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. क्लीनरमध्ये भिजव, मग हवा मार.

अर्धा_चोक: आम्ही वर्षानुवर्षं तारच घालतोय. काही झालं नाही.

गंजकी_टाकी: पण प्लग कसा आहे ते तरी सांगा. पांढरा (पेट्रोल कमी) का काळा (पेट्रोल जास्त)? आणि कार्ब इंजिनाला जोडणारा मॅनिफोल्ड रबर तडकला असेल तरी हेच लक्षण येतं. चालू गाडीत त्याच्याभोवती थोडा क्लीनर फवारा. रेस बदलली तर तिथून हवा खातेय. इंजिन गार असतानाच करा, क्लीनर पेट घेतो. आणि टाकी आधी साफ करा. गंज तसाच ठेवून कार्ब धुणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

धूरकांडी: एवढं करण्यापेक्षा नवा कार्ब...

डोकं_घासलेला_स्क्रू: माझं नाव वाचून कळलंच असेल. बाऊलच्या (कार्बखालची पेट्रोलची वाटी) चारपैकी दोन स्क्रूंची डोकी मी साफ केली. जपानी कार्बचे स्क्रू बहुतेक जेआयएस (जपानी मानकाचे) असतात, फिलिप्ससारखे दिसतात पण तो ड्रायव्हर घसरतो. त्या स्क्रूंपायी माझा अख्खा रविवार गेला. आणि किटमधले जेट लावू नका. माझ्या किटमधल्या जेटवरचा नंबर बरोबर होता, भोकाचं माप बरोबर नव्हतं. गॅस्केट, ओ-रिंग आणि फ्लोटची सुई तेवढी घ्या.

मेन_जेट_११०: नंबरांवरून आठवलं, मिकुनीचा 100 नंबरचा जेट आणि केहिनचा (दुसरी कार्ब कंपनी) 100 एक नव्हेत. केहिनचा आकडा भोकाच्या व्यासावरून, मिकुनीच्या षटकोनी मेन जेटचा प्रवाहावरून. यावरून माझं मित्राशी भांडण झालं होतं. अजून बोलत नाही.

जुनं_ते_सोनं: डायफ्रॅम (कार्बमधला रबरी पडदा) क्लीनरमध्ये बुडवू नका. माझा फुगून बसला तो बसलाच.

पाना_बारा: काका, त्यांचा स्लाइडवाला आहे. त्यात डायफ्रॅम नसतो.

जुनं_ते_सोनं: माझ्यात होता.

किकखाऊ: सगळ्यांचे आभार. किट घेतलंच नाही. पायलट जेट काढला, आत हिरवट लाख बसलेली. रात्रभर भिजवला, हवा मारली, तरी अर्धाच मोकळा झाला. मग विजेच्या वायरीतला तांब्याचा एक केस घातला (पाना_बारा, माफी). एअर स्क्रू (आयडलची हवा कमीजास्त करणारा) आधी किती फेरे बाहेर होता ते लिहून ठेवलं होतं, तिथेच परत आणला. आता चोकशिवाय उभी राहते. टाकी नंतर बघू, सध्या पाइपात फिल्टर घातलाय.

गंजकी_टाकी: फिल्टर चोंदला की याच धाग्यावर भेटू.

पाना_बारा: तांबं चालतं. तार म्हणजे मी स्टीलबद्दल म्हणालो होतो. पुन्हा उभी ठेवायची असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून बाऊल रिकामा कर.

अर्धा_चोक: म्हणजे तारच घातली ना शेवटी?

नवा_सदस्य: माझीही सेम तक्रार आहे. मी चोक ओढूनच चालवतो. चालतं ना?