गेलनच्या शिरेबद्दल थोडं

हृदय थकलं म्हणून दाखल केलेल्या बाळाचा दोष मेंदूत कसा निघाला, असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्तच आहे. ‘व्हेन ऑफ गेलन’ म्हणजे मेंदूतली एक मोठी शीर. तिच्या जन्मजात विकृतीत मेंदूतल्या धमन्या केशवाहिन्यांना वगळून थेट या शिरेत उघडतात. रक्त भसाभस हृदयाकडे परततं आणि हृदयाला तो भार झेपत नाही. बाळाच्या डोक्यावर, टाळूपाशी स्टेथोस्कोप ठेवला तर सूं-सूं ऐकू येऊ शकते. पण तिथे ठेवायचं सुचलं पाहिजे ना!

उपचारासाठी कवटी उघडावी लागत नाही. जांघेतल्या, कधी नाळेतल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात आणि गोंदासारखं द्रव्य सोडतात. रक्त लागताच ते घट्ट होतं. धमन्यांच्या सगळ्या चुकीच्या वाटा एकाच बैठकीत बंद करायचा अट्टहास नसतो, आधी हृदयावरचा ताण उतरवायचा. बाळाची प्रकृती किती बरी आहे हे मोजणाऱ्या बिसेत्र गुणांकनात २१ पैकी ८ ते १२ गुण आले तर तातडीने हात घालतात. त्याहून जास्त असतील तर सहसा बाळ पाच महिन्यांचं होईपर्यंत थांबतात. आईबापांना हे थांबणंच जास्त जड जात असणार.

२०२३ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी तर ३४ आठवड्यांच्या गर्भावरच, आईच्या पोटातून सुई घालून हा उपचार केला. बाळ दोन दिवसांनी जन्मलं.