ठेच लागली की कळ उशिरा का येते?

बारावी_बायो: काल उंबऱ्याला अंगठा आपटला, लागलंय ते लगेच कळलं पण खरी कळ सेकंदभराने आली, असं का? नसेतून करंट वायरसारखाच जातो ना?

चेतातंतू: वायरसारखा नाही. नसेतली पेशी आतून साधारण उणे ७० मिलिव्होल्टला असते, उणे ५५ च्या आसपास आली की सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं मग पोटॅशियम बाहेर जातं, आणि हेच पुढच्या तुकड्यात होत होत सिग्नल सरकतो. हॉजकिन आणि हक्सले या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड अ‍ॅक्सॉनवरून (चेतापेशीच्या लांब तंतूवरून) हे मांडलं, फार सुंदर काम आहे.

मायलिनप्रेमी: पहिली टोचणी मायलिनवाल्या (वर चरबीचं, सिग्नल वेगाने जाऊ देणारं वेष्टण असलेल्या) तंतूंतून येते म्हणून फास्ट, मागची ठणकणारी कळ बिनमायलिनच्या, ‘सी’ नावाच्या बारीक तंतूंतून, सेकंदाला जेमतेम १ मीटर.

बारावी_बायो: म्हणजे उंच माणसाला अजून उशिरा?

मायलिनप्रेमी: हो, थोडंसं.